हॅरी पॉटरच्या जगातील पूरक पुस्तके : वाचन आणि संग्रह

प्रस्तावना

कादंबरीतील पात्रे जे पुस्तक वाचतात तेच आपल्याही हाती यावे, ही फँटसी साहित्याच्या चाहत्यांची स्वाभाविक ओढ असते. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील पूरक पुस्तके या ओढीतूनच लोकप्रिय झाली. समीक्षेने त्यांच्याकडे बहुधा व्यापारी जोडउत्पादन म्हणून पाहिले. चाहते मात्र त्यांची चर्चा दोन अंगांनी करतात : पुस्तकातील माहिती मूळ कथेइतकी प्रमाण मानावी का, आणि हाती असलेली प्रत कोणत्या आवृत्तीची व किती निर्दोष आहे? पहिला प्रश्न वाचकाचा आहे, तर दुसरा संग्राहकाचा. या दोन भूमिकांतील ताण पूरक पुस्तकांच्या घडणीतच कसा दडलेला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वापरलेल्या पुस्तकाचे सोंग

'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम' आणि 'क्विडिच थ्रू द एजेस' या दोन छोट्या पुस्तिका 2001 मध्ये 'कॉमिक रिलीफ' या धर्मादाय संस्थेच्या मदतीसाठी प्रसिद्ध झाल्या. त्यांवर लेखक म्हणून अनुक्रमे न्यूट स्कॅमँडर व केनिलवर्दी व्हिस्प ही काल्पनिक नावे आहेत. पहिली पुस्तिका ही हॅरीच्या पाठ्यपुस्तकाची प्रतिकृती असून तिच्या समासांत हॅरी आणि रॉन यांनी केलेली गमतीची टिपणे आहेत. दुसरी पुस्तिका हॉगवर्ट्सच्या ग्रंथालयातील प्रत म्हणून अवतरते. तीत पुस्तक नेणाऱ्यांची यादी आहे आणि ते खराब करणाऱ्यांना ग्रंथपालाने दिलेली तंबीही आहे. मालिकेच्या पहिल्या कादंबरीत हेच पुस्तक शाळेच्या इमारतीबाहेर नेल्याचे निमित्त करून स्नेप हॅरीकडून काढून घेतो.

या पुस्तिकांतील माहिती कोशासारखी, तुटक आहे. त्यांत कथा आहे ती वापराच्या खुणांत. खरडलेल्या समासावरून दोन मित्रांचा स्वभाव कळतो, तर उसनवारीच्या यादीवरून एका शाळेचे वाचनजीवन डोळ्यांसमोर उभे राहते. म्हणूनच 'फॅन्टॅस्टिक बीस्ट्स'च्या 2017 च्या आवृत्तीतून ही टिपणे वगळली गेली, तेव्हा सहा नव्या प्राण्यांची भर पडूनही पुस्तक वाङ्मयीन दृष्ट्या उणे झाले. 2016 च्या चित्रपटानंतर ते स्कॅमँडरचे पुस्तक झाले, परंतु हॅरीचे राहिले नाही.

वाचन आणि स्वामित्व

'द टेल्स ऑफ बीडल द बार्ड' या पुस्तकाची कहाणी याहून बोलकी आहे. मालिकेच्या 2007 मधील अखेरच्या कादंबरीत डंबलडोर आपली जुनी प्रत मृत्युपत्राद्वारे हर्मायनीला देतात. त्या प्रतीतील एका कथेच्या शीर्षकावर हाताने काढलेली खूण तिच्या लक्षात येते आणि तिच्यातून पुढील रहस्य उलगडते. त्या प्रतीचे मोल तिच्या लक्षपूर्वक वाचनात आहे. त्याच वर्षी रोलिंग यांनी या कथांच्या सात हस्तलिखित प्रती तयार केल्या. त्यांपैकी सहा भेट दिल्या आणि सातवी डिसेंबर 2007 मध्ये सदबीज येथील लिलावात ॲमेझॉनने 19 लाख 50 हजार पौंडांना घेतली. लिलावाचा हेतू बालकल्याणाचा होता, हे नोंदवले पाहिजे. तरीही कादंबरीत हातोहात जाणारे पुस्तक वास्तवात रत्नजडित वस्तू बनले. 2008 मध्ये सर्वांसाठी छापील आवृत्ती निघाली, तिच्यासोबत महागडी संग्राहक आवृत्तीही आली. दोहोंतील पाच कथा मात्र त्याच होत्या.

वाचकाच्या बाजूलाही मर्यादा पडल्या. चाहत्याने सिद्ध केलेल्या कोशाच्या छापील प्रकाशनास न्यूयॉर्कच्या न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये मनाई केली. कोशाचा हेतू कादंबऱ्यांहून वेगळा आहे, हे न्यायालयाने बऱ्याच अंशी मान्य केले. पूरक पुस्तिकांच्या बाबतीत तो युक्तिवाद दुबळा ठरला, कारण त्या स्वतःच संदर्भग्रंथाच्या स्वरूपाच्या आहेत. संक्षिप्त व सुधारित रूपात तो कोश 2009 मध्ये प्रसिद्ध झाला.

समारोप

पूरक पुस्तकांतील विसंगती आता स्पष्ट होते. समासात लिहिलेले, अनेकांनी हाताळलेले पुस्तक हे त्यांचे आदर्श रूप आहे. संग्राहक मात्र ज्या प्रतीला कोणाचा हातच लागलेला नाही, तिला सर्वाधिक मोल देतो. छापील टिपणे प्रत्येक प्रतीत सारखीच असतात. त्यांच्या शेजारी स्वतःचे टिपण लिहिणारा वाचक पुस्तकाची किंमत घटवतो, पण त्याचा हेतू सफल करतो. तथापि संग्राहकाला केवळ दोष देणे उचित नाही. 2001 ची मूळ पुस्तिका त्याने जपली, म्हणूनच वगळलेल्या टिपणांची नव्या आवृत्तीशी तुलना करता येते. या पुस्तकांचे मूल्यमापन करताना समीक्षेने त्यांची किंमत वा दुर्मिळता बाजूला ठेवून, त्यांत वाचकासाठी किती जागा मोकळी ठेवली आहे, हा निकष लावावा. त्या निकषावर 2001 च्या साध्या पुस्तिका लिलावातील रत्नजडित प्रतीहून सरस ठरतात.