चालीवाचून ओवी : एका संग्रहाचे परीक्षण

पोवाडा हे इतिहासाचे साधन आहे, हे आता कोणास पटवून देण्याची गरज उरलेली नाही. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी १८९१ साली आपला पोवाड्यांचा संग्रह छापला. पुढे यशवंत नरसिंह केळकर ह्यांनी 'ऐतिहासिक पोवाडे' ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९२८ साली व दुसरा १९४४ साली काढून, टीपाटिप्पणींसह ती सामग्री अभ्यासकांपुढे मांडली. ह्या मंडळींचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांच्या ग्रंथांत जे उतरले ते गाण्याचे शब्द होत, गाणे नव्हे. शाहीर कोणत्या स्वरावर उभा राही, झीलकरी कोठे सूर उचलीत, डफ व तुणतुणे ह्यांची लय प्रसंगानुसार कशी पालटे, ह्याचे लेखन तेथे नाही. तारीख, नाव आणि लढाईचे ठिकाण हाती लागले की संशोधकाचे काम झाले, अशीच त्या काळची समजूत होती. चाल ही टरफलाप्रमाणे बाजूस पडली.

हा दोष जुना म्हणून आम्ही त्याची वाच्यता केली नसती. परंतु जात्यावरील ओव्यांचा जो प्रचंड संग्रह गेल्या चार दशकांत पुण्यात सिद्ध झाला, तो वाचीत असता हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे उभा राहतो. म्हणून ह्या संग्रहाचे परीक्षण हस्तलिखितांच्या संग्राहकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

गी प्वातव्हँ व हेमा राइरकर ह्यांनी पुण्याच्या 'सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' ह्या संस्थेच्या द्वारे हे काम आरंभिले. मुळशीच्या डोंगराळ खेड्यांतून सुरू झालेला हा उद्योग वाढत वाढत १,००० हून अधिक गावांपर्यंत व ३,००० हून अधिक स्त्रियांपर्यंत पोहोचला, आणि ओव्यांची संख्या १,००,००० च्या वर गेली. प्वातव्हँ २००४ साली व राइरकर २०१० साली निवर्तल्या. तरी संग्रह विस्कटला नाही. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेने २०१७ पासून त्यांतील ओव्या गायिकेच्या नावानिशी, छायाचित्रासह व जेथे ध्वनिमुद्रण उपलब्ध होते तेथे आवाजासह प्रसिद्ध केल्या. एवढ्या विस्ताराचा स्त्रीगीतांचा दुसरा संग्रह मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

आकड्यापेक्षाही त्याची शिस्त अधिक मोलाची आहे. साने गुरुजींचा 'स्त्रीजीवन' हा संग्रह कोणी प्रेमाने वाचला नसेल? पण त्यातील अमुक ओवी कोणी म्हटली, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, हे विचारू गेल्यास उत्तर मिळत नाही. तेथे ओवी ही समस्त महाराष्ट्राच्या मुखातून आलेली, म्हणजेच कोणाच्याच मुखातून न आलेली. प्वातव्हँ-राइरकर ह्यांच्या संग्रहात ओवीस धनीण आहे. तिचे नाव, गाव व तालुका नोंदले आहेत. शिवाय ओव्या गोळा करणाऱ्यांत त्याच खेड्यांतील स्त्रिया व कार्यकर्ते होते. शहरातून वही घेऊन गेलेला पाहुणा तेवढा नव्हता. मोडी कागद कोणाच्या दप्तरातून निघाला हे न सांगणाऱ्या प्रकाशकास आपण जसे बोल लावतो, तसा बोल ह्या संग्राहकांस लावता येणार नाही.

'ओव्यांत इतिहास कोठे?' असे विचारणारे काही विद्वान अजून आढळतात. त्यांस ह्याच संग्रहातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या दाखवाव्यात. ज्या परंपरेस आपण अनादि म्हणून मोकळे होतो, तिच्यात विसाव्या शतकातील पुरुष आला, आगगाडी आली, मोटार आली. म्हणजे ओवीला काळ आहे. अंतर्गत पुराव्याने तिची पूर्वमर्यादा ठरविता येते. असे असता तिला 'अपौरुषेय' म्हणून कालप्रवाहाबाहेर ठेवणे म्हणजे तिची पूजा करून तिला साक्षीच्या पिंजऱ्यातून घालवून देणे होय.

जुन्या लेखी पुराव्यासंबंधीही येथेच एक गोष्ट नमूद करितो. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर ह्याच्या 'मानसोल्लास' ह्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेख आहे, आणि जात्यावरील ओवीची प्राचीनता सांगणारा प्रत्येक लेखक तो उद्धृत करितो. पण तेथील मूळ शब्द 'कंडन' असा आहे. कंडन म्हणजे कांडणे. मुसळ-उखळाचे काम, जात्याचे नव्हे. मुसळाचा घाव एकामागून एक पडतो, जाते अखंड फिरते. एकाची लय तुटक, दुसऱ्याची वर्तुळाकार. दोन्ही कामांस एकच चाल लागत असेल हे गृहीत धरण्यास आधार नाही. तेव्हा सोमेश्वराचा पुरावा ओवीच्या नावास आणि श्रमगीत म्हणून तिच्या गायनास लागू पडतो. जात्याच्या चालीस तो लागू करणे साहसाचे आहे. शार्ङ्गदेवाने देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त ओवीची गणना प्रबंधांत केली आहे, आणि ज्ञानेश्वरी (शके १२१२) तर ओवीबद्धच आहे. शास्त्रात गेलेली ओवी, ग्रंथात गेलेली ओवी आणि घरात राहिलेली ओवी ह्या तिघींचे नाते शब्दांवरून उलगडणारे नाही. ते उलगडलेच तर चालीवरून उलगडेल.

आता संग्रहातील उणिवांकडे वळतो. पहिली उणीव वर्गीकरणाची. सीता, विठ्ठल, आई, भाऊ, लेक अशा विषयांनुसार अक्षरे व आकडे देऊन ओव्यांची अत्यंत बारीक विभागणी केलेली आहे. शोधकास ती सोयीची आहे खरी. पण जात्यावर बसलेली स्त्री विषयवारीने गात नाही. पहिली ओवी देवाची, मग माहेराची, मग एखाद्या शब्दाच्या ओढीने भावाची, तेथून एकदम सीतेच्या वनवासाची असा तिचा क्रम चालतो, आणि त्या क्रमातच तिच्या मनाचा माग असतो. दप्तरातील रुमाल सोडून त्यांतील कागद विषयवार लावावेत आणि मूळ गठ्ठ्याची नोंद पुसून टाकावी, ह्याला आपण काय म्हणतो? सुदैवाने येथे गायिकेचे नाव राहिल्यामुळे गठ्ठा काही अंशी पुन्हा बांधता येतो. एका बैठकीतील क्रम मात्र ध्वनिमुद्रणातूनच मिळू शकतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. बहुसंख्य ओव्या सांगून लिहविलेल्या आहेत. ज्या कोणी ओवी प्रत्यक्ष ऐकली असेल त्यास ठाऊक आहे की, गाताना अर्धा चरण पुन्हा घेतला जातो, मध्ये 'गं बाई' किंवा सखीचे संबोधन येते, शेवटचे अक्षर श्वास पुरेपर्यंत लांबविले जाते. जोडीने दळताना दुसरी स्त्री पहिलीच्या तोंडची ओळ उचलते. सांगताना हे सर्व गळते, आणि कागदावर दोन ओळींचे नीटनेटके पद्य उरते. मग त्या पद्याची मात्रा मोजून छंदाचे नियम बांधले जातात! हे म्हणजे नकलेवरून मूळ कागदाच्या शाईची परीक्षा करण्यासारखे आहे.

ह्या संग्राहकांस त्याची जाणीव नव्हती असे नव्हे. संगणकावर तालाचा अभ्यास करणारे फ्रेंच पंडित बर्नार बेल १९९० नंतरच्या दशकात ह्या कामास येऊन मिळाले आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. परंतु एक लाख ओव्यांच्या मानाने आवाजाचा वाटा थोडा, आणि जेवढा आवाज आहे त्याचे स्वरलेखन त्याहून थोडे. संग्रहावर आधारलेले लेखन, 'स्टोनमिल अँड भक्ती' (१९९६) ह्या ग्रंथासह, मुख्यतः आशयाचे आहे. भक्तीचे, नात्यांचे, स्त्रीच्या दुःखाचे. संगीताच्या अभ्यासकाने ह्या दारातून आत यावे म्हणून दार उघडे ठेविले आहे. आत आलेले थोडे.

इतर देशांत ह्याच्या उलट क्रम घडला. अलेक्झांडर एलिस ह्याने १८८५ साली निरनिराळ्या राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर निबंध लिहिला, त्याचा आरंभच स्वराच्या मोजणीपासून. बर्लिन येथे १९०० साली ध्वनिमुद्रणांचा संग्रह स्थापन झाला. हंगेरीचा बेला बार्टोक १९०६ पासून फोनोग्राफ घेऊन खेड्यांतून हिंडला. आणि १९३४ ते १९४० ह्या काळात त्याने आपलीच जुनी मुद्रणे पुन्हा ऐकून आपलीच स्वरलिपी दुरुस्त केली. वाचलेला कागद तीस वर्षांनी पुन्हा वाचण्याचा हा धीर आम्हांस विशेष अनुकरणीय वाटतो. त्याला तो शक्य झाला, कारण मूळ मुद्रण शिल्लक होते. आपल्याकडे पंडित भातखंडे ह्यांनी उस्तादांच्या चिजा शब्द व स्वर ह्या दोहोंसह छापल्या. तो मान घराण्यांच्या गायकीस मिळाला, दळणाऱ्या स्त्रीस मिळाला नाही. डॉ. अशोक रानडे ह्यांनी १९७५ साली 'लोकसंगीतशास्त्र' लिहून मराठीत वाट घालून दिली. त्या वाटेवर रहदारी अजून विरळ आहे.

येथे पुण्याच्या विद्वानांस एक शंका येईल. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ पर्यंत पूर्ण केली. तीच पाठभेदांची पद्धति ओव्यांस का लावू नये? आमचे उत्तर असे की, ती पद्धति अनेक प्रतींच्या मागे एक जुनी प्रत मानते. ओवीच्या मागे अशी प्रत नाही. मावळातील स्त्रीने आणि परभणीकडील स्त्रीने तीच ओवी दोन तऱ्हांनी म्हटली, तर त्यांतील एक शुद्ध व दुसरी भ्रष्ट असे ठरविणारे आपण कोण? युगोस्लाव्हियातील वीरगीते १९३३ ते १९३५ च्या दरम्यान मिल्मन पॅरी ह्याने मुद्रित केली, तेव्हा त्यासही हेच आढळले: प्रत्येक गायन हेच मूळ. म्हणून ओवीच्या बाबतीत पाठभेद तळटीपेत न घालता प्रत्येक पाठ सारख्या मानाने उभा करावा लागतो. हे काम महाभारताच्या कामाहून सोपे नाही, निराळे आहे.

ह्या कामास पुढे कोठे हात घालावा? आम्ही पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डाकडे बोट दाखवितो. ही सूचना काहींस विचित्र वाटेल. संशोधकाने भुसार बाजारात काय शोधावे? पण विचार करावा. घरोघरचे जाते बंद पडले ते गिरणीमुळे. ज्वारी, बाजरी, गहू ह्यांची पोती आज ज्या ठिकाणी उतरतात तेथे राबणारी माणसे बहुतांशी बाहेरगावांहून आलेली आहेत. व्यापार नाना व भवानी पेठांतून गुलटेकडीवर आला, हमालांची पंचायत १९५५ पासून उभी राहिली, हा इतिहास कागदोपत्री आहे. पण धान्य निवडण्या-पाखडण्याचे काम करणाऱ्या वयस्क स्त्रियांपैकी कित्येकींनी लहानपणी आईच्या मांडीवर डोके ठेवून जात्याची घरघर ऐकली असेल, किंवा स्वतः खुंटा धरला असेल. निरनिराळ्या जिल्ह्यांच्या चाली एका आवारात, एका दिवसात, शेजारी शेजारी ऐकावयास मिळण्याची शक्यता असलेले असे ठिकाण दुसरे कोणते? संग्रहाची रचना गाववार आहे. गाव सोडून आलेल्या स्त्रीस तिच्यात खण नाही. तो खण येथे भरता येईल.

ह्यावर आक्षेपही आम्हीच मांडतो. बाजाराच्या आवारात, जात्यावाचून, मुद्रणयंत्रापुढे म्हटलेली ओवी ही दळताना म्हटलेली ओवी नव्हे. वैरण घालण्यासाठी हात जेथे थांबतो तेथे ओळ थांबते, दगड जड झाला की सूर दाटतो. हे गुण जात्याखेरीज यावयाचे नाहीत. म्हणून मुद्रण शक्य तेथे जात्यावर बसवून करावे, आणि जे तसे झाले नसेल त्यावर तसे स्पष्ट लिहावे. शहरात आल्यावर कोणती ओवी राहिली व कोणती गेली, हीही एक नोंदच आहे. गाणाऱ्या स्त्रीची संमति व तिचे श्रेय ह्यांविषयी तर निराळे सांगावयास नको. तिचा रोज बुडवून ओवी मागणारा संशोधक आम्हांस मान्य नाही.

आणखी एक गोष्ट पुणेकरांच्या मनास लागावी अशी आहे. पारंपरिक संगीताच्या अभ्यासासाठी 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' ह्या संस्थेने आपले ध्वनिसंग्रहालय १९८२ साली स्थापिले ते पुण्यातच. पुढे ते दिल्लीकडे गेले आणि गुरुग्राम येथे स्थिरावले; ओव्यांची मुद्रणेही तेथे ठेव म्हणून दिलेली आहेत. जतन उत्तम होत असेल, त्याविषयी तक्रार नाही. परंतु मुळशीचा आवाज मुळशीच्या शेजारी ऐकण्याची सोय असू नये, हे ज्या नगरात लक्षावधी मोडी कागद जपले गेले त्या नगरास शोभत नाही. एक प्रत येथेही असली पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हस्तलिखितांच्या पेट्यांशेजारी जुन्या ध्वनिफितींचे डबे असतील: आजीच्या ओव्या, गावच्या गोंधळ्याचा जागर, वाघ्या-मुरळीची गाणी, भोंडला. फितीवरील चुंबकीय लेप कागदाहून फार लवकर निकामी होतो, आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. ज्यांच्याकडे अशा फिती असतील त्यांनी निदान एवढे करावे: गाणारीचे नाव, तिचे माहेर व सासर, मुद्रणाचे ठिकाण व साल, आणि त्या वेळी जाते फिरत होते की नव्हते, हे डब्यावर आजच लिहून ठेवावे.