घरगुती लहान पवनचक्क्या : दावे आणि प्रत्यक्ष कामगिरी
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

ऊर्जेचा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने येथील शेती, शिक्षण आणि लहान उद्योग यांची जी ओढाताण केली, ती अनेकांच्या स्मरणात आहे. त्याच काळात इन्व्हर्टर घरोघरी पोहोचले आणि छतावर स्वतःची वीज तयार करण्याची कल्पना मध्यमवर्गीयांच्या मनात रुजली. या कल्पनेची दोन रूपे होती. एक सौर पॅनेलचे, दुसरे लहान पवनचक्कीचे. पहिले रूप पुढे सर्वमान्य झाले. दुसरे मात्र माहितीपत्रके, प्रदर्शने आणि शासकीय अनुदानाच्या आधाराने अधूनमधून डोके वर काढत राहिले. ‘वारा फुकट आहे, रात्रीही वाहतो, म्हणून घरावर पवनचक्की लावावी’ असा हा युक्तिवाद ऐकणाऱ्यास सहज पटतो.

हा युक्तिवाद नागरी वस्तीत, विशेषतः परभणीसारख्या मध्यम वाऱ्याच्या प्रदेशात, प्रत्यक्ष मोजणीच्या कसोटीवर कितपत टिकतो याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पवन ऊर्जेला विरोध हा येथे विषय नाही. उत्पादनाऐवजी स्थापित क्षमता मोजण्याची जी सवय आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्या परिणामांचा विचार अभिप्रेत आहे.

‘एक किलोवॅट’ या शब्दाचा अर्थ

लहान पवनचक्कीच्या जाहिरातीत सर्वांत ठळक असतो तो किलोवॅटचा आकडा. हा आकडा यंत्राचे नेहमीचे उत्पादन सांगत नाही. एका ठरावीक वेगाच्या वाऱ्यात यंत्र किती शक्ती देईल, एवढेच तो सांगतो. हा वेग बहुधा सेकंदाला ११ ते १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४० ते ४३ किलोमीटर गृहीत धरलेला असतो. असा वारा परभणीकरांना वळवाच्या वादळात परिचित आहे, परंतु तो रोजचा वारा नव्हे.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी न होता आठव्या हिश्श्यावर येते. सेकंदाला १२ मीटरऐवजी ३ मीटर वारा असेल तर उपलब्ध शक्ती चौसष्टाव्या भागावर उतरते. या नियमाला यंत्ररचनेच्या कौशल्याने बगल देता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिल्याप्रमाणे कोणतेही मोकळे चक्र वाऱ्यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक ऊर्जा काढूच शकत नाही. लहान यंत्रांत पात्यांची, जनित्राची, नियंत्रकाची आणि बॅटरीची घट विचारात घेता प्रत्यक्ष प्रमाण त्याहून बरेच खाली राहते.

दुसरा निर्णायक घटक म्हणजे चक्राने व्यापलेले क्षेत्रफळ. सौर पॅनेल खरेदी करताना ग्राहक त्याचे आकारमान पाहतो. पवनचक्कीच्या बाबतीत मात्र पात्यांचा व्यास क्वचितच विचारला जातो. वास्तविक किलोवॅटपेक्षा व्यासच यंत्राविषयी अधिक खरे सांगतो.

नागरी वस्तीतील वारा

बालाघाटच्या पठारावर बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत, सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे येथे आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे मोठ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या पाहून ‘शेजारी चालते ते आपल्याकडे का चालू नये’ असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. या तुलनेत उंचीचा विसर पडतो. ती यंत्रे उघड्या पठारावर पन्नास ते शंभर मीटर किंवा त्याहूनही उंचीवर फिरतात. राज्याच्या पवन क्षमतेचे जे आकडे सांगितले जातात, तेही अशाच उंचीवरील वाऱ्याचे असतात. घराच्या छतावर तो वारा नसतो.

जमिनीजवळ घर्षणामुळे वेग कमी होतो आणि वस्ती जितकी दाट, तितकी ही घट मोठी. एक उदाहरण घेता येईल. शंभर मीटरवर सेकंदाला ६ मीटर वारा आहे असे मानले, तर उंचीनुसार वेग बदलण्याच्या प्रचलित घातांक सूत्राने मोकळ्या शेतात दहा मीटरवर तो सुमारे ४.३ मीटर राहतो. दाट वस्तीत त्याच उंचीवर तो सुमारे २.७ मीटर भरतो. वेग निम्म्याहून थोडा खाली आला, पण शक्ती अकराव्या हिश्श्यावर आली. बहुतेक लहान पवनचक्क्या सेकंदाला अडीच ते साडेतीन मीटर वेगाला जेमतेम फिरू लागतात हे लक्षात घेता, या घटीचे गांभीर्य ध्यानी येते.

वेगाइतकाच वाऱ्याचा गुणही महत्त्वाचा आहे. इमारत, पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजारचा कडुलिंब यांच्यावर आदळून वारा भोवऱ्यांच्या रूपाने विस्कटतो. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत आणि दुप्पट उंचीपर्यंत ही खळबळ राहते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. अशा वाऱ्यात चक्र सतत दिशा बदलत राहते, धारवे झिजतात आणि उत्पादन घटते. म्हणूनच परिसरातील दीडशे मीटरमधल्या प्रत्येक वस्तूपेक्षा पाते किमान नऊ-दहा मीटर उंच असावे, असा संकेत या क्षेत्रात मानला जातो. परभणी, जिंतूर किंवा गंगाखेडच्या गल्लीत दुमजली घरावर दोन मीटरचा खांब उभारल्याने ही अट पूर्ण होत नाही. जुन्या माळवदाच्या घरांवर तर खांबाचा भार आणि कंपने पेलण्याचाच प्रश्न उपस्थित होतो.

मोजणीचे पुरावे

केवळ सिद्धांतावर विसंबण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये वॉरविक येथील चाचणी प्रकल्पात २००७-०८ मध्ये इमारतींवर बसवलेल्या २६ पवनचक्क्यांची वर्षभर मोजणी झाली आणि २००९ मध्ये तिचा अंतिम अहवाल आला. बंद पडलेला काळ धरून प्रत्येक यंत्राचे सरासरी उत्पादन दिवसाला २१४ वॅट-तास, म्हणजे एक युनिटच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी भरले. क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण ०.८५ टक्के होते. बंद काळ वगळूनही ते ४.१५ टक्क्यांपर्यंतच पोहोचले. सर्वांत निकृष्ट जागेवरील यंत्र स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला लागणारी वीजदेखील भरून काढू शकले नाही. चांगला वारा मिळाला तो उंच निवासी इमारतींवर. परंतु तेथील यंत्रे रहिवाशांच्या आवाजाविषयीच्या तक्रारींमुळे बंद ठेवावी लागली. तंत्रज्ञान आणि सहजीवन यांचा हा संघर्ष समाजशास्त्राच्या अभ्यासकांनाही विचार करावयास लावणारा आहे.

नेदरलँड्समधील झीलंड प्रांतात स्कोन्डाइक येथे २००८-०९ मध्ये निरनिराळ्या बनावटीच्या लहान पवनचक्क्या उघड्या मैदानावर शेजारी शेजारी उभारून मोजण्यात आल्या. वर्षभराचा सरासरी वारा सेकंदाला ३.८ मीटर होता. सुमारे दोन मीटर व्यासाच्या उभ्या अक्षाच्या ‘टर्बी’ने वर्षात २४७ युनिट, तर सुमारे एक मीटर व्यासाच्या, दिसावयास आकर्षक अशा ‘एनर्जी बॉल’ने ७३ युनिट दिले. याउलट पाच मीटर व्यासाच्या ‘मोंटाना’चे उत्पादन २,६९१ युनिट होते. मोठ्या व्यासाचे यंत्र उपयुक्त, लहान आणि शोभिवंत यंत्र निरुपयोगी, असा स्पष्ट कौल या मोजणीने दिला. तसेच ही जागा मोकळी होती, छत नव्हते, हेही नोंदवणे आवश्यक आहे.

परभणीचा संदर्भ

परभणी शहर समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंचीवर आहे आणि येथील उन्हाळा तीव्र. चाळीस अंश तापमानाला हवेची घनता घनमीटरला सुमारे १.०८ किलोग्रॅम भरते. माहितीपत्रकातील आकडे १.२२५ ही घनता धरून दिलेले असतात. म्हणजे वारा तोच असला तरी उन्हाळ्यात सुमारे बारा टक्के शक्ती आधीच वजा होते.

आता दोन मीटर व्यासाच्या, ‘एक किलोवॅट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राचा हिशेब मांडता येईल. छतावर वर्षभर सरासरी सेकंदाला ३ मीटर वारा आहे असे उदारपणे गृहीत धरावे. सरासरीपेक्षा जोराच्या वाऱ्याचा लाभही द्यावा, त्यासाठी घनाच्या सरासरीस १.९१ हा प्रचलित गुणक लावावा. यंत्रणेची एकूण कार्यक्षमता वीस टक्के मानावी. तर वार्षिक उत्पादन सुमारे दीडशे युनिट येते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या कुटुंबाची ही जेमतेम दीड महिन्याची वीज होय. क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडते. वॉरविकच्या दोन आकड्यांच्या मध्येच ते बसते.

सौर ऊर्जेशी तुलना केल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. मराठवाड्यात एक किलोवॅट सौर संच दिवसाला सरासरी चार युनिट देतो असे धरले, तर शंभर वॅटचे पॅनेल वर्षाला १४६ युनिट देते. म्हणजे ‘एक किलोवॅट’ची पवनचक्की आणि शंभर वॅटचे सौर पॅनेल यांचे काम जवळजवळ सारखे. आज बाजारात मिळणारे एकच पॅनेल पाचशे वॅटच्या पुढचे असते. त्यास फिरणारा भाग नाही, आवाज नाही आणि खांबही लागत नाही.

यावर एक प्रतिवाद केला जातो व तो दुर्लक्षणीय नाही. जून ते ऑगस्टमध्ये आभाळ झाकोळलेले असते तेव्हाच येथे वारा जोरात असतो, सबब दोन्ही स्रोत परस्परपूरक ठरतात, असे म्हटले जाते. ऋतुचक्राच्या दृष्टीने हे निरीक्षण खरे आहे. परंतु पूरकतेला परिमाणही असावे लागते. पावसाळ्यातील तूट एखादे पॅनेल वाढवून भागत असेल, तर त्यासाठी पवनचक्की, खांब आणि देखभाल यांचा खर्च समर्थनीय ठरत नाही. संकरित यंत्रणेचा विचार करावयाचा तो जिंतूर तालुक्यातील डोंगराळ माथ्यावरच्या किंवा बालाघाटच्या बाजूच्या एकाकी वस्तीसाठी. तेथे मोकळी जागा, उंच मनोरा आणि मोठा व्यास शक्य असतो. तिथेही आधी वारा मोजावयास हवा.

अनुदान आणि मोजमापाची संस्कृती

केंद्र शासनाच्या लहान पवन ऊर्जा व संकरित यंत्रणा कार्यक्रमात महाराष्ट्राचा वाटा देशात सर्वांत मोठा राहिला. तरीही २०१८ च्या सुमारास देशभरातील अशा यंत्रणांची एकूण क्षमता साडेतीन मेगावॅटच्या आतच होती. त्याच वेळी मोठ्या पवनचक्क्यांची क्षमता ३४ हजार मेगावॅटच्या घरात गेली होती. ही तफावत केवळ प्रचाराच्या अभावाने पडलेली नाही.

या कार्यक्रमात एका टप्प्यावर किलोवॅटमागे एक लाख रुपये अर्थसाहाय्य देय होते. अनुदान क्षमतेवर मिळाले की विक्रेत्याचे हित क्षमतेचा आकडा वाढवण्यात असते, आणि लाभार्थ्याचे हित यंत्र उभे राहण्यात. ते पुढे किती युनिट देते, याची नोंद ठेवण्यात मात्र कोणाचेच हित उरत नाही. खरी उणीव तंत्रज्ञानापेक्षा या मोजमापाच्या पद्धतीत आहे. उपक्रम किती झाले याची नोंद काटेकोर ठेवावयाची आणि त्यातून काय निष्पन्न झाले याची नोंद टाळावयाची, हा दोष अन्य विकास योजनांतही आढळतो.

उच्च शिक्षण संस्थाही यास अपवाद नाहीत. नॅकच्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात सातव्या निकषाखाली पर्यायी ऊर्जास्रोतांच्या सुविधा विचारात घेतल्या गेल्या. हेतू स्तुत्य होता. परंतु छायाचित्र व देयक जोडले की पुरावा पूर्ण होत असेल, तर छतावर उभी असलेली पण न फिरणारी पवनचक्कीदेखील गुण मिळवू शकते. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती एक अप्रत्यक्ष शिकवण ठरते : दाखवणे पुरेसे आहे, मोजणे आवश्यक नाही. विज्ञानशिक्षणाच्या मुळावर येणारी अशी दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

उपाययोजनेची दिशा

खरेदीपूर्वी प्रस्तावित जागी, प्रस्तावित उंचीवर किमान एक वर्ष वायुवेगमापकाने वारा मोजणे ही पहिली अट असावी. पदार्थविज्ञान आणि भूगोल विभागांच्या पदवी प्रकल्पासाठी हा उत्तम विषय आहे. परभणीतील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेसारख्या ठिकाणच्या नोंदी तुलनेसाठी उपयोगी पडतील. मात्र कृषी वेधशाळेतील वायुवेगमापक बहुधा जमिनीपासून तीन मीटरवर व मोकळ्या जागी असतो आणि नोंद ताशी किलोमीटरमध्ये असते, याचे भान ठेवावे. ताशी ९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला अवघे अडीच मीटर. दुसरी अट अशी की, बसवलेल्या प्रत्येक यंत्रास स्वतंत्र युनिट-मापक असावे आणि मासिक उत्पादन सूचना फलकावर लावावे. तिसरी, विक्रेत्याकडून किलोवॅटऐवजी पात्यांचा व्यास आणि सेकंदाला ३ मीटर सरासरी वाऱ्यातील वार्षिक युनिट लेखी घ्यावेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, नागरी वस्तीतील छतावरची लहान पवनचक्की हा परभणीसारख्या जिल्ह्यात वीजनिर्मितीचा सक्षम पर्याय ठरत नाही. कारण यंत्राच्या सदोषतेत नसून वाऱ्याचा वेग, वस्तीची रचना आणि लहान व्यास यांच्या एकत्रित परिणामात आहे. ज्या कुटुंबास छतावर वीज हवी आहे, त्याचा पैसा येथे सौर पॅनेलमध्येच सार्थकी लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा भरही सौर संचांवरच आहे. लहान पवनचक्कीस स्थान आहे ते उंच, मोकळ्या आणि वारा मोजलेल्या जागी. ती जागा कोणती हे ठरवण्यासाठी लागणारे वायुवेगमापकाचे साधे उपकरण आणि वर्षभराचा धीर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे.