कुलूप उघडलं, पुढे काय?

आयटीत चार-पाच वर्षं काढलेल्या आणि दर अप्रेझलनंतर 'हे सोडून काहीतरी खरं काम करावं' असं वाटणाऱ्या माणसाला कोणी ना कोणी जॉन वुडचं 'लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टू चेंज द वर्ल्ड' वाचायला सांगतंच. मलाही सांगितलं. 2006 साली आलेलं हे पुस्तक झरझर वाचून होतं आणि मिटल्यावर राजीनाम्याचा मेल लिहावासा वाटतो. त्याची ताकद तिथे आहे, आणि माझी तक्रारही तिथेच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. 1998 साल. मायक्रोसॉफ्टचा आशियातला एक अधिकारी, वय तिशीच्या मध्यावर, सुट्टी घेऊन नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या ट्रेकला जातो. वाटेत त्याला पशुपती नावाचा शिक्षण खात्यातला माणूस भेटतो आणि त्याच्याबरोबर तो लमजुंग जिल्ह्यातल्या बाहुनडांडा गावची शाळा बघायला जातो. शाळेत ग्रंथालय आहे, पण पुस्तकं जवळजवळ नाहीतच. जी थोडी आहेत ती ट्रेकर्सनी मागे टाकलेली आहेत. कुठली प्रेमकादंबरी, कुठलं प्रवासाचं गाइड. तीही मुलांनी खराब करू नयेत म्हणून कपाटात कुलूपबंद. मुख्याध्यापक पाहुण्याला म्हणतात, कधीतरी पुस्तकं घेऊन परत या. वुड काठमांडूला उतरून ओळखीच्यांना ईमेल पाठवतो, अमेरिकेत वडिलांच्या गॅरेजमध्ये पुस्तकांचे ढीग लागतात आणि वर्षभरात तो वडिलांना सोबत घेऊन, जनावरांच्या पाठीवर पुस्तकं लादून गावात परततो. 1999 मध्ये नोकरी सोडतो. 2000 मध्ये 'रूम टू रीड' ही संस्था उभी राहते.

पुस्तकाच्या जमेच्या बाजू आधी मांडतो. वुड पैशाबद्दल लाजत नाही. देणगी कशी मागायची, नकार आला की काय करायचं, सेल्समधली कुठली सवय इथे उपयोगी पडली, हे तो मोकळेपणाने सांगतो. आपल्याकडे समाजसेवेच्या लिखाणात पैशाचा विषय निघाला की आवाज खाली येतो, तसं इथे होत नाही. दुसरं, गावाने जमीन, श्रम किंवा थोडा पैसा घातल्याशिवाय शाळा बांधायची नाही, हा नियम. फुकट मिळालेल्या इमारतीचं गळकं छप्पर कोणी दुरुस्त करत नाही, हे त्याला लवकर कळलं. तिसरं, ज्या देशात काम तिथलीच माणसं, हा आग्रह. काठमांडूचे दिनेश श्रेष्ठ संस्थेचे सहसंस्थापक आहेत.

आता तक्रार. या गोष्टीचा कळस कुठे येतो? पुस्तकं गावात पोचतात तिथे. हार, टाळ्या, पानांवर तुटून पडलेली मुलं. गोष्ट म्हणून हे चोख आहे, कारण नायकाने दिलेला शब्द पाळला. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर तिथे फक्त सुरुवात झाली आहे. कपाटाचं कुलूप निघालं. मुलाने पुस्तक हातात घेतलं. त्याला ते वाचता आलं का?

मराठी वाचकाला हा प्रश्न एका मिनिटात अनुभवता येतो, कारण नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात. हे नेपाळी वाक्य मोठ्याने वाचा: 'मलाई भोक लाग्यो'. अडखळलात का? नाही. समजलं का? मला पहिल्यांदा दुधावरच्या सायीला पडलेलं भोक दिसलं. प्रत्यक्षात अर्थ आहे 'मला भूक लागली'. अक्षरं ओळखणं, त्यातून शब्द उभा करणं आणि त्या शब्दाचा अर्थ मनात उमटणं ही तीन वेगळी कामं आहेत. लमजुंगमधल्या गुरुङ घरातल्या मुलाची घरची भाषा वेगळी, शाळेची भाषा नेपाळी, आणि अमेरिकेतून आलेल्या खोक्यांतली पुस्तकं इंग्रजी, म्हणजे लिपीही वेगळी. नेपाळच्या 2011 च्या जनगणनेत 123 भाषांची नोंद आहे. गॅरेजमधल्या ढिगाला त्या मुलाच्या घरची भाषा येत नव्हती.

पुस्तकं दिली की मुलं शिकतात, हे इतकं उघड वाटतं की ते तपासायची गरज भासत नाही. काहींनी तपासलं. 1990 च्या दशकात केनियातल्या बुसिया भागात मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तकं दिली, काहींना दिली नाहीत, आणि दोन्हीकडच्या मुलांचे गुण ताडून पाहिले. सरासरी मुलाला काही फायदा झाला नाही. जी मुलं आधीच वर्गात पुढे होती, तेवढीच आणखी पुढे गेली. कारण सरळ होतं: पुस्तकं इंग्रजीत होती, आणि बऱ्याच मुलांसाठी इंग्रजी ही तिसरी भाषा होती. पुढे 2019 मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत क्रेमर यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पद्धतीच्या कामासाठी.

कर्नाटकात अक्षरा फाउंडेशनच्या शालेय ग्रंथालयांचाही असाच अभ्यास झाला. सोळा महिन्यांनंतरच्या भाषेच्या चाचणीत, ग्रंथालय मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये सुधारणेचा फरक दिसला नाही. फिलिपिन्समधल्या तार्लाक प्रांतात मात्र थोडं वेगळं घडलं. तिथे चौथीच्या मुलांना वयाला साजेशी पुस्तकं दिली, शिक्षकांना ती कशी वापरायची हे शिकवलं, आणि 31 दिवस रोज वर्गात वाचनाचा तास ठेवला. मुलांचं वाचन सुधारलं. फार नाही, आणि तीन महिन्यांनी त्यातलं अर्धंच उरलं. पण सुधारलं. दोन्हीकडे पुस्तकं होती. तार्लाकमध्ये दिवसातला एक तास आणि एक शिक्षक त्या पुस्तकांना बांधलेला होता.

आमच्या धंद्यात हा फरक शिकाऊ पोरालाही माहीत असतो. अ‍ॅप किती जणांनी डाउनलोड केलं हा आकडा गुंतवणूकदारांच्या स्लाइडवर छान दिसतो. रोज किती जण उघडतात आणि तिसऱ्या महिन्यात किती उरतात, हा आकडा टीमची झोप उडवतो. किती ग्रंथालयं, किती पुस्तकं, किती शाळा हे मोजताना वुड मायक्रोसॉफ्टची शिस्त अभिमानाने सांगतो, पण ते सगळे डाउनलोडचे आकडे आहेत. डेटाचा एवढा आग्रह धरणाऱ्या लेखकाने दुसरा आकडा गोष्टीच्या केंद्राशी आणू नये, हे मला खटकतं.

माझ्या मते याचं कारण लेखकाच्या वृत्तीत नाही, गोष्टीच्या घाटात आहे. 'सुखाची नोकरी, डोळे उघडणारा प्रवास, राजीनामा, परतफेड' या घाटात बदल एकाच माणसात होतो, देणाऱ्यात. मुलं त्या बदलाची साक्षीदार असतात. एखादी मुलगी पहिलीत अडली, दुसरीत शिक्षिकेने रोज अर्धा तास तिच्यासोबत बसून वाचून घेतलं आणि तिसरीत ती एकटी वाचू लागली, ही गोष्ट या घाटात मावत नाही. त्यात विमानतळ नाही, राजीनामा नाही, आणि तीन वर्षं जातात.

याच वर्षी, 2006 मध्येच, ग्रेग मॉर्टेन्सनचं 'थ्री कप्स ऑफ टी' आलं होतं. पाकिस्तान-अफगाणिस्तानात शाळा बांधणाऱ्या गिर्यारोहकाची गोष्ट. 2011 मध्ये '60 मिनिट्स' हा अमेरिकन टीव्ही कार्यक्रम आणि लेखक जॉन क्राकाउअर यांनी त्यातल्या प्रसंगांच्या खरेपणावर आणि पैशांच्या हिशेबावर गंभीर प्रश्न उभे केले. 2012 मध्ये मोंटाना राज्याच्या चौकशीनंतर मॉर्टेन्सनला संस्थेला दहा लाख डॉलर परत करण्याचं कबूल करावं लागलं. वुडला त्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. पण आपण अशा पुस्तकांना एकच प्रश्न विचारतो, 'हे खरं आहे का?' आणि उत्तर 'हो' आलं की निश्चिंत होतो. वुडची गोष्ट खरी मानूनही विचारायला हवं की ती कुठे थांबते आणि तिथेच का थांबते.

गंमत म्हणजे हे पुस्तक जिथे थांबतं, तिथून त्याची संस्था पुढे गेली. नेपाळमध्ये 2003 पासून रूम टू रीडने स्थानिक लेखक आणि चित्रकारांना घेऊन तिथल्या भाषेत बालपुस्तकं छापायला सुरुवात केली. पुढे ग्रंथालयाच्या जोडीला पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला कसं शिकवायचं, याचं शिक्षकांसाठीचं प्रशिक्षण आलं. म्हणजे खोकी पाठवून भागत नाही हे संस्थेने कामातून ओळखलं. स्थानिक भाषेतल्या प्रकाशनाचा विषय आत्मकथनात येतो, पण एक नवा उपक्रम म्हणून. पहिल्या खोक्यांकडे वळून पाहणारा, 'आपण नेलेल्या इंग्रजी पुस्तकांचं पुढे काय झालं?' असं विचारणारा अध्याय मला हवा होता. तो या पुस्तकातला सर्वांत उपयोगी अध्याय झाला असता.

तशी गोष्ट आपल्या जवळ आहे, आणि ती फारशी कोणी वाचायला सुचवत नाही. 1990 च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी 'प्रथम' सुरू केली. चव्हाणही परदेशात शिकून परतलेले, रसायनशास्त्रातले डॉक्टरेट. त्यांच्यावरही राजीनाम्याची गोष्ट सहज बेतता आली असती. पण प्रथमच्या 'बालसखी' कार्यक्रमात नायिका होती वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मानधनावर. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अक्षरओळख, शब्द, हातचा अशा राहून गेलेल्या गोष्टी शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात याची चाचणी झाली. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त फायदा तळाच्या मुलांना झाला. बुसियात पाठ्यपुस्तकांनी पुढच्या मुलांना पुढे नेलं होतं. इथे नेमकं उलट झालं. यात बालसखीच्या नावाचं पुस्तक नाही, तिचा फोटो कुठल्या मुखपृष्ठावर नाही. पगार सोडून द्यायला तिच्याकडे पगारच नव्हता.

म्हणून हे पुस्तक वाचू नका, असं मी म्हणणार नाही. वाचाच. पैसे उभे करायला आणि संस्था उभारायला लागणारी निर्लज्ज चिकाटी शिकायला यासारखं दुसरं पुस्तक मी तरी वाचलेलं नाही. पण उद्या याच्या जोरावर देणगीचा क्यूआर स्कॅन करणार असाल, किंवा खरंच राजीनामा देणार असाल, तर वुडच्या गोष्टीत नसलेले प्रश्न समोरच्या संस्थेला विचारा. पुस्तकं मुलांच्या घरच्या भाषेत आहेत का? कपाट आठवड्यात किती वेळा उघडतं, आणि कोण उघडतं? चौथीतल्या ज्या मुलाला अजून जोडाक्षरं येत नाहीत, त्याच्याजवळ कोण बसतं, आणि त्या माणसाला महिन्याला किती पैसे मिळतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना संस्था घुटमळली, तर तुमचे पैसे आधी तिथे लागायला हवेत.