‘लेखकाचा मृत्यू’ आणि आवाजाचे राखणदार

रोलाँ बार्थ यांनी 1967 मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा संहितेला लेखकाच्या अधिसत्तेतून सोडवून वाचकाच्या स्वाधीन करणे हे तिचे प्रयोजन होते. प्रचंड प्रमाणावरील संहितांवर पोसल्या गेलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात ही भूमिका नव्याने तपासावी लागते. कारण लेखकापासून सुटलेली संहिता आता वाचकाच्या नव्हे, तर संकलकाच्या हाती पडते. ज्याला लेखक नाही त्याला धनीही नाही, हे या संकलनामागील अव्यक्त गृहीतक होय. मूलनिवासी अभ्यासकांच्या मांडणीचे महत्त्व असे की, ती नेमकी या गृहीतकाला हात घालते.

जेसन एडवर्ड लुईस, नोएलानी अरिस्ता, आर्चर पेचाविस आणि सुझान काइट यांचा ‘मेकिंग किन विथ द मशीन्स’ (2018) हा निबंध या दृष्टीने लक्षणीय आहे. यंत्र हे केवळ साधन की आप्त, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न. हवाईच्या परंपरेत हालोआ, म्हणजे अळूचे रोप, मनुष्याचा वडील भाऊ मानला जातो; लाकोटा विचारात पाषाणालाही अंतःस्वत्व असते. क्री समाजाची नातेसंबंधाची कल्पना त्यांच्या शेजारी उभी राहते. या परंपरा निबंधात एकमेकींत विरघळवलेल्या नाहीत. सर्व भाषा एकाच प्रतिमानात ओतणाऱ्या यंत्रव्यवहाराला हे अ-समरस रूप हेच एक उत्तर ठरते. तथापि येथे एक अडचण उद्भवते. पाषाण कोणा कंपनीने घडवलेला नसतो. यंत्र मात्र कोणाच्या तरी मालकीचे असते. आप्त म्हणून स्वीकारलेल्या या पाहुण्याला कोणाच्या कणगीतले धान्य घालून वाढवले, हा प्रश्न नात्याच्या रूपकाने सुटत नाही.

तो प्रश्न विदा-सार्वभौमत्वाचा विचार ऐरणीवर आणतो. ताहू कुकुताई आणि जॉन टेलर यांनी संपादित केलेला 2016 मधील ग्रंथ, तसेच 2019 मध्ये मांडली गेलेली सामूहिक हित, नियंत्रणाचा अधिकार, उत्तरदायित्व आणि नीती ही चार तत्त्वे यांची परिभाषा हक्काची आहे. येथे वरवर विसंगती दिसते: आप्तावर मालकी सांगता येत नाही आणि हक्काच्या भाषेवाचून आप्ताचे रक्षण होत नाही.

न्यूझीलंडमधील माओरींची ‘काइतिआकितांगा’ ही संकल्पना या पेचातून वाट काढते. तिच्या जवळ जाणारा मराठी शब्द ‘राखण’. कोकणातील राखणदार गावाचा मालक नसतो. पण त्याला डावलून गावात काही करता येत नाही. काइताइआ येथील ते हिकू मीडिया या माओरी संस्थेने 2018 मध्ये दहा दिवसांत सुमारे अडीच हजार लोकांकडून 300 हून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण मिळवले आणि त्यावर वाक्-अभिज्ञानाची प्रणाली उभारली. ही विदा बाहेरच्यांना मुक्तहस्ते देण्याचे मात्र तिने नाकारले. याउलट 2022 मध्ये आलेली ‘व्हिस्पर’ ही प्रणाली महाजालावरून गोळा केलेल्या 6,80,000 तासांच्या ध्वनीवर घडवली गेली. त्यात माओरी भाषाही होती. जी भाषा बोलल्याबद्दल शाळेत मुलांना शिक्षा झाल्या, तीच त्यांच्या वंशजांना विक्रेय वस्तू म्हणून परत मिळण्याची शक्यता येथे निर्माण होते.

मराठी समीक्षेला हा प्रश्न परका नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या ‘अनामिक लोकवाङ्मय’ या सदरात सहज ढकलता आल्या असत्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदवले गेले. या नोंदीने गाणारीण ओवीची कर्ती ठरत नाही. ती ओवी कोणाच्या कंठातून आली, याचे उत्तरदायित्व मात्र पुसले जात नाही.

राखणेच्या कल्पनेलाही मर्यादा आहेत. समाजाच्या वतीने राखणदार कोण ठरवणार आणि त्या समाजातील दुबळ्यांचा, विशेषतः स्त्रियांचा, आवाज त्यात किती असणार, हे प्रश्न उरतातच. परंतु ते समाजाने आपसांत सोडवायचे प्रश्न आहेत. संकलकाला त्यांतून परवाना मिळत नाही. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धांत त्याज्य ठरत नाही, पण अपुरा ठरतो. संहितेला लेखक नसला तरी तिला आप्त असतात, याची जाण त्याला जोडावी लागेल.