उसन्या कानांचा बाजार

गेली दोन-तीन वर्षे मी एका वेगळ्याच मजकुराचा संग्रह करते आहे. स्वतःच्या खर्चाने गाणे ध्वनिमुद्रित करून ते स्पॉटिफाय, यूट्यूब, अॅपल म्युझिक अशा ठिकाणी टाकणाऱ्या गायक-संगीतकारांना अनोळखी माणसांकडून जे संदेश येतात, त्यांचा हा संग्रह. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या ओळखीच्या काही तरुण मंडळींनी आपापल्या खात्यांत आलेले संदेश मला दिले. त्यांतले बहुतेक इंग्रजीत आहेत, काही हिंदीत, आणि अलीकडे यंत्राने भाषांतर केल्यासारख्या मराठीतही येऊ लागले आहेत. तुमचे गाणे आम्ही हजारो श्रोत्यांपर्यंत पोचवतो, एवढे पैसे द्या, हा सगळ्यांचा मथितार्थ.

पोलिसी भाषेत याला फसवणूक म्हणतात आणि ती आहेच. मला मात्र या मजकुराकडे साहित्याच्या वाचकाने पाहावे तसे पाहायचे आहे, कारण तो समीक्षेचे सोंग घेऊन येतो. कृती लक्षपूर्वक ऐकणे, तिचे गुण सांगणे, तिचे स्थान ठरवणे आणि ती रसिकांपर्यंत नेणे, ही समीक्षकाची चार कामे. हा मजकूर ती चारही केल्याचे दहा ओळींत सांगतो. प्रत्यक्षात त्यातले पहिलेच काम झालेले नसते.

संदेशाची घडण

सुरुवात नावाने होते. कलाकाराचे नाव आणि गाण्याचे शीर्षक अचूक असते, कारण ते पडद्यावरून उचललेले असते. मग कौतुक येते. आवाजात आत्मा आहे, मांडणी ताजी आहे, भावना थेट पोचते. हे कौतुक नीट तपासले, तर त्यात गाण्यातली एकही गोष्ट सापडत नाही. लावणीवरून उचलून ते अभंगाला लावा, अभंगावरून रॅपला लावा, कुठेही चपखल बसते. माझ्या संग्रहात एका बासरीवादकाला आलेला संदेश आहे. शब्दच नसलेल्या त्याच्या रचनेतले शब्द काळजाला भिडल्याचे त्यात लिहिले आहे.

कौतुकानंतर हळहळ. इतक्या चांगल्या गाण्याला इतके कमी श्रोते, हा अन्याय आहे. संदेशातले सर्वांत प्रभावी वाक्य हेच, कारण कलाकार रोज रात्री स्वतःशी तेच म्हणत असतो. त्याची दुखरी जागा शोधायला लिहिणाऱ्याला कष्ट पडत नाहीत. गाण्याखालचा आकडा सगळ्यांना दिसतोच.

मग भाव येतो. दहा हजार वेळा ऐकवण्याचे इतके, पन्नास हजारांचे इतके, आणि आजच्या दिवसापुरत्या दोनच जागा शिल्लक. याच ठिकाणी एक शब्द हमखास भेटतो, ‘ऑर्गॅनिक’. श्रोते खरे आहेत, नैसर्गिक आहेत, यंत्रे नाहीत. कुणी विचारलेले नसताना दुधात पाणी नसल्याची ग्वाही देणाऱ्या गवळ्याची इथे आठवण होते. आणि ही ग्वाही देतानाच आकड्याची हमीही दिलेली असते. खरा श्रोता गाणे मध्येच सोडून उठू शकतो, म्हणून खऱ्या श्रोत्यांच्या आकड्याची हमी कुणालाच देता येत नाही. संदेशातली ही दोन आश्वासने एकमेकांना खोटे पाडतात.

आकडा कसा उभा राहतो

या धंद्याचे तंत्र साधे आहे. स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले की एक ऐकणे मोजले जाते. त्यामागे कान आहे की नाही, हे त्या मोजणीला कळत नाही. २०१४ मध्ये व्हल्फपेक या अमेरिकन बँडने याचा गमतीदार पुरावा दिला. अर्ध्या मिनिटाच्या दहा निःशब्द तुकड्यांचा ‘स्लीपिफाय’ हा अल्बम त्यांनी टाकला आणि रात्री झोपताना तो लावून ठेवा, असे चाहत्यांना सांगितले. अल्बम काढून टाकला जाईपर्यंत सुमारे २० हजार डॉलर जमले होते. हे चाहते निदान खरे होते. २०१७ मध्ये बल्गेरियातून चाललेल्या एका गीतयादीत मात्र ४६७ गाणी होती, बहुतेक ३० सेकंदांहून थोडीच मोठी, आणि ती ऐकणारी खाती जेमतेम १२००. तेवढ्यावर ती यादी कमाईच्या क्रमवारीत नामांकित कंपन्यांच्या याद्यांशेजारी जाऊन बसली.

पुढचा टप्पा यंत्रांनी गाठला. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका माणसावर आरोपपत्र दाखल केले. कृत्रिम बुद्धिमत्तेने लाखो गाणी तयार करून, ती यंत्रचलित खात्यांकडून ऐकवून त्याने १ कोटी डॉलरहून अधिक मानधन उचलले, असा त्यात आरोप होता. इथे गाणारा माणूस नाही आणि ऐकणाराही नाही. फक्त पैसे खरे आहेत.

हे पैसे येतात कुठून? वर्गणी आणि जाहिरातींतून जमलेल्या रकमेचा ठरावीक भाग हक्कदारांसाठी बाजूला काढला जातो आणि एकूण ऐकण्यांत ज्याचा जितका हिस्सा, तितके त्याला मिळते. पंगतीत खोटी पाने मांडून वाढून घेतले तर शेवटच्या पंगतीला कमी पडते, तसे हे आहे. फ्रान्सच्या ‘सेंत्र नास्योनाल द ला म्युझिक’ या संस्थेने २०२१ च्या आकडेवारीचा अभ्यास केला, तेव्हा त्या देशातली किमान १ ते ३ टक्के ऐकणी खोटी आढळली, म्हणजे १ ते ३ अब्ज. त्यातली बहुतांश सर्वाधिक लोकप्रिय गाण्यांच्या बाहेरची होती. स्वतंत्र कलाकार राहतो, त्याच वस्तीतली.

पण मला संदेश दाखवणारी मुले मानधन उचलायला निघालेली नाहीत. एका ऐकण्यामागे सरासरी एका डॉलरच्या शतांशाहूनही कमी मिळते, त्यातून जाहिरातीचा खर्च भरून निघणे नाही. ती आकडा विकत घेतात, कारण आकडा पाहूनच कार्यक्रमाचे आयोजक फोन करतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये देवुमी या कंपनीविरुद्ध कारवाई केली. खोट्या ट्विटर अनुयायांच्या ५८ हजारांहून अधिक मागण्या तिने पुरवल्या होत्या. ग्राहकांत नट होते, खेळाडू होते, संगीतकार होते आणि लेखकही होते. हा रोग एकट्या संगीताचा नाही.

दंड कुणाला?

मंचांनी याविरुद्ध पावले उचलली आहेत, पण त्यांचा भार कुणावर पडतो तेही पाहावे. २०२४ पासून स्पॉटिफायने दोन नियम लागू केले. मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधन नाही, आणि एखाद्या गाण्याची ऐकणी ढळढळीत कृत्रिम आढळली तर ते मंचावर पोचवणाऱ्या वितरकाला गाण्यामागे दंड. वितरक हा दंड कलाकाराकडून वसूल करू शकतो, गाणेही उतरवू शकतो. आकडा विकणारा या व्यवहारात कुठेच नसतो. त्याने पैसे घेतले, खाते बंद केले, नवे उघडले.

गाणे उतरवले गेले नाही, तरी नुकसान होतेच. पुढे कुणाला काय सुचवायचे, हे मंचाची यंत्रणा आधीच्या श्रोत्यांच्या सवयींवरून ठरवते. खोटी खाती दिवसभर शेकडो असंबद्ध गाणी वाजवतात, त्यामुळे एखाद्या मराठी गझलेची सोयरीक परदेशी नृत्यसंगीताशी जुळवली जाते आणि जो रसिक तिच्यापर्यंत पोचला असता, त्याच्यासमोर ती येतच नाही. विकत घेतलेला कान खऱ्या कानाची वाट अडवतो.

हजाराच्या उंबरठ्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. संग्रहातल्या अलीकडच्या संदेशांत तो उंबरठा ओलांडून देण्याचा वेगळा भाव दिसतो. नियम फसवणुकीला आळा घालण्यासाठी आला आणि विकणाऱ्याच्या हाती नवा माल देऊन गेला.

जुनी घराणी

भाड्याची दाद ही आजची गोष्ट नाही. पॅरिसच्या ऑपेरात १९ व्या शतकात ‘क्लाक’ नावाची टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळी बसे. १८३० च्या दशकातला तिचा म्होरक्या ऑग्युस्त लव्हासर तालमींना हजर राहून टाळी कुठे पडावी हे ठरवीत असे. त्याच्या धंद्याविषयी काहीही म्हणा, तो निदान संगीत ऐकत होता. शिवाय सभागृहात इतर प्रेक्षक असत, त्यांना ती टाळी खोटी वाटली तर हुर्यो करता येई. यंत्राच्या टाळीला सभागृहच नाही.

विसाव्या शतकातल्या अमेरिकन मासिकांत आणखी एक जाहिरात येई. तुमची कविता पाठवा, आम्ही तिचे गाणे करू. होतकरू कवीकडून पैसे घ्यायचे, स्टुडिओत एका बैठकीत अशी अनेक गाणी उरकायची आणि तबकडी कवीला पाठवून द्यायची. कवितेचे कौतुक सर्वांना सारखेच. आपल्याकडे याचे सख्खे भावंड सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ‘प्रातिनिधिक’ काव्यसंग्रहासाठी पृष्ठशुल्क भरणारे कवी आणि प्रवेशशुल्क घेऊन राज्यस्तरीय पुरस्कार, शाल, सन्मानचिन्ह देणाऱ्या संस्था या अंकाच्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको.

तिसरे घराणे लाचेचे. गाणे लावण्यासाठी रेडिओ निवेदकांनी छुपे पैसे घेण्याच्या प्रकाराची १९५९-६० मध्ये अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली. अॅलन फ्रीड या विख्यात निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. १९६० च्या कायदादुरुस्तीचा गाभा ध्यानात घेण्याजोगा आहे. पैसे घेऊन गाणे लावणे हा मूळ अपराध नव्हता. ते श्रोत्यापासून लपवणे हा होता.

या कसोटीवर आजचे मंचही तपासले पाहिजेत. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पॉटिफायने ‘डिस्कव्हरी मोड’ची चाचणी जाहीर केली. कलाकाराने किंवा कंपनीने गाणे पुढे ढकलण्याची विनंती करायची आणि त्या शिफारशींतून होणाऱ्या ऐकण्यांवर कमी मानधन स्वीकारायचे. २०२१ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहातल्या दोन सदस्यांनी याबद्दल कंपनीला पत्राने जाब विचारला. आगाऊ पैसे घेत नाही, यंत्रे वापरत नाही आणि गाणे आवडले नाही तर ते पुढे सुचवले जात नाही, ही कंपनीची बाजू आहे आणि ती खोटी नाही. त्यामुळे या योजनेला फसवणूक म्हणता येणार नाही. पण समोर आलेले हे गाणे सवलतीच्या बदल्यात पुढे आले आहे, अशी खूण त्या गाण्यावर श्रोत्याला दिसत नाही. जिथे अधिकृत रस्त्यावरही शिफारशीला भाव आहे, तिथे नवख्या मुलाला गल्लीतला दलाल वेगळा कसा वाटावा?

रिकामी खुर्ची

हा धंदा लोभावर चालतो, असे म्हणून सोडून देता आले असते. संदेश वाचता वाचता माझे मत बदलत गेले. पैसे देणाऱ्या मुलांना श्रीमंत व्हायचे नव्हते. आपले गाणे कुणीतरी ऐकले, एवढे त्यांना ऐकायचे होते. तो निरोप फुकट देणारे कुणी नव्हते, म्हणून विकणारा आला.

ती खुर्ची पूर्वी पूर्ण रिकामी नव्हती. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने समकालीन गायकांवर लिहीत. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ चे. त्यांची मते पटोत न पटोत, त्यांनी एका गायकाविषयी लिहिलेला परिच्छेद उचलून दुसऱ्याला लावता येत नाही. दम कुठे तुटतो, स्वर कसा लागतो, लय कुणाच्या अंगात किती आहे, हे त्यांनी त्या-त्या गळ्यापुरते सांगितले. खरी दाद आणि विकाऊ दाद यांच्यातला फरक ओळखायला मला याहून सोपी कसोटी सापडलेली नाही. दाद हलवून पाहावी. हलली, तर ती त्या गाण्याची नव्हे.

स्वतंत्र मराठी गाणे आज भरपूर निघते आहे. त्याच्याविषयी छापून येते ते बहुधा आकड्यापुरते, अमुक दिवसांत अमुक लाख. आपण लिहिणाऱ्यांनीच आकडा हा गुण मानला, तर तो विकत घेणाऱ्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा? पुस्तकांची परीक्षणे आपण छापतो, नाटकांची छापतो. वर्षभरात स्वतंत्रपणे निघालेल्या दहा-बारा मराठी गाण्यांवर दिवाळी अंकाने चार पाने द्यावीत, ती ऐकून लिहिलेली असावीत, प्रसंगी कठोर असावीत. एवढ्याने दलाल संपणार नाहीत, पण त्यांच्या कौतुकाशी ताडून पाहायला कलाकाराकडे दुसरे काहीतरी असेल.

तोवर संदेश येतच राहतील. तो आला, तर पैशाचे बोलण्याआधी एकच प्रश्न विचारावा, दुसऱ्या कडव्यात काय आहे? माझ्या संग्रहातल्या ज्या मुलांनी तो विचारला, त्यांना उत्तरादाखल पुन्हा दरपत्रकच आले.