वेल्श वाहिनी : पडदा कुणाचा, बोली कुणाची?

वेल्श भाषेला स्वतःची दूरचित्रवाणी सरकारच्या उदारपणामुळे मिळाली असे कुणी म्हणू लागला, तर त्याला १९७९ आणि १९८० ही दोन वर्षे नीट वाचायला सांगावीत. ब्रिटनच्या हुजूर पक्षाने १९७९च्या निवडणुकीत वचन दिले होते की, वेल्समधील नव्या चौथ्या वाहिनीवर वेल्श कार्यक्रम होतील. सत्ता हाती येताच, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते वचन फिरवले. मग सुमारे दोन हजार माणसांनी दूरचित्रवाणीचा परवाना-कर भरण्यास नकार दिला. तीन विद्वान पेनकारेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरले आणि त्यांनी प्रक्षेपणच बंद पाडले. मे १९८०मध्ये प्लाइड कम्री या पक्षाचे नेते ग्विन्फोर एव्हान्स यांनी जाहीर केले की, ६ ऑक्टोबरपासून आपण आमरण उपोषणाला बसू. १७ सप्टेंबरला सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी ही वाहिनी सुरू झाली.

उपोषण म्हटले की आपल्या वाचकाला १९३२चे येरवडा आठवणार, आणि ते आठवलेच पाहिजे. तिथे बहुसंख्यांच्या नेत्याचे उपोषण अस्पृश्यांना मिळालेला स्वतंत्र मतदारसंघ काढून घेण्यासाठी होते. इथे ते अल्पसंख्यांच्या बाजूने, दिलेला शब्द मोडणाऱ्या सत्तेविरुद्ध होते. शस्त्र एकच असले तरी ते कुणाच्या हातात आहे आणि कुणावर रोखलेले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याची पूजा करू नये.

एक गोष्ट मात्र या लढ्याच्या गौरवगाथेत सहसा सांगितली जात नाही. १९८२पूर्वी वेल्श कार्यक्रम बीबीसी आणि व्यापारी वाहिनीवर अधूनमधून, बहुधा गैरसोयीच्या वेळी दाखवले जात. इंग्रजी बोलणाऱ्यांना तेवढेही खुपे. कित्येकांनी आपले अँटेने इंग्लंडमधल्या केंद्रांकडे फिरवून ठेवले होते. वेल्शला वेगळी वाहिनी द्या, या मागणीला पाठिंबा देणाऱ्यांत ही मंडळीही होती. ही पीडा एकदाची आमच्या घरातून जावो, एवढाच त्यांचा हेतू! हक्क म्हणून मिळालेले वेगळे घर आणि वेशीबाहेर घालवून देण्यासाठी दिलेले वेगळे घर बाहेरून सारखेच दिसते.

आता त्या घरात कोण बोलते ते पाहू. 'पोबोल अ कूम', म्हणजे 'दरीतली माणसे', ही मालिका बीबीसीने १९७४ साली सुरू केली. १९८२पासून ती या वाहिनीवर आहे. कारमार्थनशायरमधल्या एका काल्पनिक गावात ती घडते. तिथली माणसे दुकानात, दारूच्या गुत्त्यात बोलतात तसेच बोलतात : दक्षिणेकडची बोली, आणि तिच्यात बिनदिक्कत मिसळलेले इंग्रजी शब्द. अशा बोलण्याला वेल्शमध्ये एक तुच्छतादर्शक शब्द आहे, 'ब्रातयाइथ'. ब्रात म्हणजे चिंधी आणि याइथ म्हणजे भाषा. चिंध्यांची भाषा! ज्यांच्या मुलांच्या गळ्यात एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोलल्याबद्दल लाकडी पाटी अडकवली जात होती, त्यांच्याच वंशजांनी आपल्या गरिबाच्या बोलीसाठी हा शब्द राखून ठेवावा, याला काय म्हणावे? या मालिकेचे कथानक पुष्कळदा पसरट होते हे मान्य. पण चिंध्या पांघरलेल्या माणसाला तिने पडद्यावर आणले, ही तिची मिळकत मी मोठी मानतो.

या शुद्धतेच्या हट्टाला वैचारिक पूर्वज आहेत. १९६२च्या नभोवाणी भाषणाने भाषेची चळवळ पेटवणारे सॉन्डर्स लुइस मोठे नाटककार होते, यात वाद नाही. पण याच लुइसांनी १९३०च्या दशकात दक्षिण वेल्समधील उद्योग मोडीत काढावेत असा कार्यक्रम मांडला होता. म्हणजे खाणकामगाराने खाण सोडावी, भाषा जपावी आणि खावे काय, ते विचारू नये!

'हेद विन' हा १९९२चा चित्रपट मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शक पॉल टर्नर. नायक एलिस एव्हान्स हा डोंगरातल्या शेतकऱ्याचा मुलगा, मेंढपाळ आणि कवी. 'हेद विन' हे त्याचे टोपणनाव. तो धाकट्या भावाऐवजी सैन्यात गेला आणि ३१ जुलै १९१७ला पाशेनडेलच्या लढाईत मारला गेला. सप्टेंबरात बर्कनहेडच्या राष्ट्रीय काव्यमहोत्सवात त्याच्या कवितेला सर्वोच्च मान मिळाला. विजेत्याला पुकारले, कुणी उठले नाही. खुर्चीवर काळे कापड टाकण्यात आले. त्या वेळी समोर उपस्थित होते ब्रिटनचे युद्धकालीन पंतप्रधान लॉइड जॉर्ज, ज्यांची मातृभाषा वेल्शच! मारणारे सरकार ज्याचे, तो त्याच भाषेत शोक करू शकत होता. चित्रपट प्रेमप्रकरणांवर जरुरीपेक्षा जास्त रेंगाळतो आणि शेतातले कष्ट देखाव्यासारखे दाखवतो, हे त्याचे उणेपण. तरीही मायबोली एक असली म्हणून माणसांची जागा एक होत नाही, ही जाणीव त्यातून पोचते. ऑस्करच्या स्पर्धेत ब्रिटनच्या वतीने तो गेला आणि नामांकन मिळवून आला. विभाग होता परकीय भाषेतील चित्रपटांचा.

पैशाची दोरी अजून लंडनच्याच हातात आहे. २०१०मध्ये वाहिनीचे वार्षिक अनुदान सुमारे १० कोटी पौंड होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चार वर्षांत त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा कापायचे ठरले आणि खर्चाचा भार परवाना-करावर ढकलला गेला. २०२२पासून वाहिनीचा सारा सार्वजनिक निधी त्याच करातून येतो, जो भरण्यास नकार देऊन दोन हजार माणसांनी ती मिळवली होती. २०२१च्या जनगणनेत वेल्श येणारे शंभरात अठराही भरले नाहीत. १९८१ला ते एकोणीस होते. या आकड्याचा दोष वाहिनीच्या माथी मारणारे लोक शाळा, घरे आणि नोकऱ्यांबद्दल मात्र मूग गिळून बसतात.