खेड्यातला खून आणि वाचकाचे समाधान

खुनासारख्या विषयावर खेळकर कथा रचण्याची किमया अगाथा ख्रिस्ती यांना साधली. १९३० साली कादंबरीत प्रथम आलेली त्यांची मिस मार्पल ही विणकामात रमणारी वृद्धा. सेंट मेरी मीड या खेड्यातील माणसांचे स्वभाव हेच तिचे भांडवल. संशयिताला पाहून तिला गावातले कोणीतरी आठवते आणि कोडे सुटू लागते. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार धाडसाने जिंकतो. ही बाई माणसे ओळखून जिंकते.

मराठीत हा प्रकार फारसा रुजला नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे खेळकर खरा, पण तो किशोरांचा नायक. आपल्या खेड्यात बांधाच्या वादातून खून झाला, तर तो कोणी केला हे बहुधा गावाला ठाऊक असते. प्रश्न उरतो तो साक्ष कोण देणार, हा. तिथे रहस्य नसते, मौन असते.

उधन्याच्या कारखानी वस्तीत पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या वाचकांना गाव आठवते ते गोड होऊनच. म्हणून या कथा आपल्याला भावतात. मात्र त्यांचे खरे समाधान गुन्हेगार सापडण्यात नाही. सर्वांदेखत कोणीतरी निर्भयपणे खरे बोलते, यात आहे.